विलोबँकच्या वहीतलं पान

१

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नोरीन टलॉकच्या लक्षात आलं, की विलोबँकच्या तिसऱ्या वहीतलं एक पान कुणीतरी कापून नेलंय. साडेनऊला तिला सगळ्या टिलबरा गावाचा पाऊस रेडिओवर वाचायचा होता. म्हणजे दचकायला हाताशी वीस मिनिटं होती. ती तिनं दचकण्यात घालवली नाहीत. चष्मा पुसला, वही खिडकीशी नेली आणि नीट पाहिलं.

शिवणीपासून नखभर अंतर सोडून पान कापलेलं होतं. रेघ इतकी सरळ, की एखाद्या शिंप्यानं मान डोलवावी. खालच्या पानावर पात्याचा साधा ओरखडा नाही. कापणाऱ्यानं मध्ये जाड काहीतरी सरकवलं असणार. आधीच्या पानावर मार्च १९७८ होता, नंतरच्या पानावर जून. म्हणजे गेलेल्या पानावर पुढून एप्रिल आणि मागून मे.

टिलबरा स्टेशनात गाडी थांबेनाशी झाली त्याला तीस वर्षं झाली. तिकीटघरात आता गावाचा रेडिओ चालतो. नोरीन पोस्टातून निवृत्त झाली तेव्हा गावाला वाटलं, आता ही शांत बसेल. तिनं मायक्रोफोन धरला. रोज सकाळी नऊला शेताशेतावर लोक पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात, वहीत लिहितात आणि तिला फोन करतात. साडेनऊला ती सगळ्यांचे आकडे वाचते. गाव याला 'हजेरी' म्हणतं. कोण दोन मिलिमीटर वाढवून सांगतो, शेजाऱ्याला जास्त पडला म्हणून कोण फोनच करत नाही, कोणाच्या घरी सकाळीच भांडण झालंय, हे सगळं तिला आवाजावरून कळतं आणि तिच्या मनात त्याची नोंद राहते. त्या वहीचं पान अजून कुणाला कापता आलेलं नाही.

विलोबँक या शेतावरच्या वह्या मात्र खऱ्या होत्या. पाच जाडजूड वह्या, शंभर वर्षांचा पाऊस, एक दिवस चुकलेला नाही. क्लॅरी व्हेनेबल्सच्या आजोबांनी १९२४ साली सुरू केलं, मग वडिलांनी चालवलं आणि एकसष्ट सालापासून क्लॅरीनं. शनिवारी हवामान खात्याच्या बाई पितळी पाटी घेऊन येणार होत्या. पाटीवर कोरलेलं होतं: 'एकाच घराण्याच्या हातून, खंड न पडता, शंभर वर्षं.' अट एकच, मूळ वह्या पूर्ण हव्यात. क्लॅरी शहाऐंशीचा. त्याला ना मूल ना पुतण्या. त्याच्यामागे शेत कुणाच्या तरी हाती जाणार आणि व्हेनेबल्स हे नाव फक्त त्या पाटीवर उरणार. त्यानं भिंतीत खिळा कधीच ठोकून ठेवला होता.

मंगळवारी वह्या वेटिंगरूममध्ये मांडल्या, तेव्हा चार माणसं येऊन गेली होती. वह्या आणणारा क्लॅरी. टेबलावर जाळीचा रुमाल अंथरणारी त्याची बहीण यूना. उगाच बघायला आलेला शेजारी डेस क्राही. आणि शनिवारच्या सँडविचचं माप घ्यायला आलेला कॅफेवाला थिओ कालिगेरिस. काचेपलीकडे नोरीन गाणी लावत बसली होती आणि प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं तरी एकांत मिळाला होता.

साडेनऊला तिनं पाऊस वाचला. मग तोच आवाज ठेवून म्हणाली, "विलोबँकच्या एका वहीतलं एक पान कापलेलं आहे. ज्याच्याकडे असेल त्यानं आणून द्यावं. मी कारण विचारणार नाही."

शेवटचं वाक्य खोटं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. वाक्य संपायच्या आत फोन वाजला.

२

"मी नाही," डेस क्राही म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"आता विचारशील. म्हणून आधीच सांगून टाकतो."

फोनवर भागलं नाही म्हणून तो अर्ध्या तासात स्वतः आला. दारातच टोपी काढून उभा राहिला, जणू आत कुणी वारलंय. विलोबँक आणि डेसचं शेत यांत एक कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून साठ वर्षं पावसाचं भांडण चाललंय. डेसच्या घराची नोंद सत्त्याण्णव वर्षांची. तीन वर्षांनी हुकला बिचारा.

"पान गेलं तर क्लॅरीची पाटी जाते," नोरीन म्हणाली. "आणि तीन वर्षांनी तुझी येते."

"तीन वर्षांनी मी ऐंशीचा होईन. तोवर माझं गुडघ्याचं ऑपरेशन, बायकोचा मोतीबिंदू, पोराचा दुसरा घटस्फोट, एवढं सगळं आधीच रांगेत आहे. पाटीला जागा कुठंय?" तो वह्यांजवळ गेला, पण हात मागे बांधून. "कुठलं पान गेलं?"

"तुला काय करायचंय?"

"माझ्याकडे तेवढाच पाऊस लिहिलेला आहे म्हटलं. कुंपणापलीकडचा. क्लॅरीला हवा असेल तर आकडे देईन." मग लगेच सावरून घेत, "दोन-तीन मिलिमीटर जास्त असतील. आमच्याकडे खरंच जास्त पडतो."

नोरीननं मनात लिहिलं: डेस, बढाईखोर, पण भांडायला माणूस शिल्लक हवा म्हणून तरी क्लॅरीला जपेल. साठ वर्षांचं भांडण कोणी हातानं संपवत नाही.

"एप्रिल-मे अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

"तेव्हा क्लॅरी हॉस्पिटलात होता की. हर्निया." डेसनं टोपी घातली. "यूना एकटी होती तिथे. मी दोनदा मेंढ्या वळवून दिल्या तिच्या. एकदा सकाळी दहाला गेलो तर घराचे पडदे ओढलेले. म्हटलं आजारी पडली की काय."

"होती का आजारी?"

"कुठली. दुपारी बघतो तर कपडे वाळत घालताना गात होती. यूना आणि गाणं. म्हणून तर अजून लक्षात आहे."

३

विलोबँकला नोरीन पोचली तेव्हा क्लॅरी व्हरांड्यात बुटाची नाडी बांधत होता. या वयात त्याला त्या कामाला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मदत केलेली त्याला चालत नाही.

"ऐकलंस ना हजेरीत?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. पान गेलं तर गेलं. त्या बाईंना फोन कर आणि शनिवारचं रद्द कर म्हणून सांग." त्यानं दुसऱ्या बुटाकडे हात नेला. "यूनाचा रुमाल खराब नाही ना झाला? आईचा आहे तो."

"रुमालाला काही झालं नाही. क्लॅरी, अरे शंभर वर्षं आहेत ही."

"मला मोजता येतात."

"कुणावर संशय?"

"कुणावर नाही. उंदीर असेल."

"उंदरानं पट्टी लावून कापलं?"

"टिलबराचे उंदीर शिकलेले आहेत," क्लॅरी म्हणाला आणि हसला नाही.

आतून यूना आली. ब्याऐंशीची, ताठ, कोपरापर्यंत हात खोबऱ्यानं माखलेले. शनिवारसाठी दोनशे लॅमिंग्टन करायचे तिनं अंगावर घेतले होते आणि स्वयंपाकघरात चॉकलेटात बुडवलेले केकचे तुकडे खोबऱ्यात लोळायची वाट पाहत पडले होते.

"कुठल्या सालचं पान, नोरीन?" तिनं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. एप्रिल आणि मे."

यूनानं खोबऱ्याचा हात एप्रनला पुसला. मग तोच हात पुन्हा पुसला. क्लॅरी कुरणाकडे बघत होता, जणू त्या मेंढ्या त्यानं आज पहिल्यांदाच पाहिल्या.

"तेव्हा क्लॅरी ऑपरेशनला गेला होता," यूना म्हणाली. "मीच होते इथे. नऊला वाचायचं, लिहायचं. एक दिवस चुकला नाही. एकही नाही."

"तू चुकवलास असं कोण म्हणतंय?"

"कुणी म्हणायच्या आधी सांगितलं." आणि ती आत गेली.

परतीच्या वाटेवर नोरीनला काहीतरी खटकत राहिलं. कुणी काय बोललं ते नव्हे. कुणीतरी काहीतरी बोललंच नव्हतं.

४

हवामान खात्याच्या बाईंचं नाव इमोजेन प्रॅट. आवाजावरून तिशीच्या आतल्या आणि मनानं चांगल्या, असं नोरीननं एका मिनिटात ठरवलं.

"आकडे गेले असं नाही," इमोजेनबाई फोनवर म्हणाल्या. "दर महिन्याअखेरीस क्लॅरी आजोबा वहीतून उतरवून आम्हाला तक्ता पाठवायचे. एप्रिल-मे अठ्ठ्याहत्तरचा तक्ता आहे इथे, त्यांच्याच अक्षरात. पण पाटीसाठी मूळ वही लागते. मला वाईट वाटतंय हो."

"तो तक्ता मला पाठवाल?"

अर्ध्या तासात तक्ता रेडिओच्या प्रिंटरमधून बाहेर आला. नोरीन त्याच्याकडे बघत बसली. आकडे शहरात सुखरूप होते आणि हे क्लॅरी, यूना, डेस सगळ्यांना ठाऊक होतं. इथल्या प्रत्येक शेतकऱ्यानं ते तक्ते भरलेत. म्हणजे चोराला आकडे लपवायचे नव्हतेच. मग त्या कागदावर आकड्यांखेरीज काय असतं?

अक्षर.

तिनं तिसरी वही पुन्हा खिडकीशी नेली आणि जूनचं पान तिरपं धरलं. वरच्या पानावर कुणी बॉलपेन दाबून लिहिलं की खाली वळ उठतात. क्लॅरी आणि यूना दोघांचा हात हलका. त्यांच्या आकड्यांचा वळ कुठेच नव्हता. पण एका जागी ओळीनं खोल खाचा होत्या. त्यांत तीन सात होते आणि तिन्ही साताच्या पोटावर आडवी रेघ.

नोरीन सावकाश खुर्चीत बसली. तेहेतीस वर्षं तिनं या गावाची पाकिटं हाताळली होती. टिलबरात पोटावर रेघ मारलेला सात एकच माणूस लिहायचा. नाताळच्या आधी ग्रीसला जाणाऱ्या पार्सलावर.

पण एवढ्यावर धावत सुटणारी ती नव्हती. कपाटातून तिनं आपली जुनी वही काढली. पोस्टाच्या मागच्या अंगणातही मापक होता आणि अठ्ठ्याहत्तर साली अठ्ठावीस वर्षांची नोरीन तो रोज वाचायची. पोस्ट ते विलोबँक नऊ किलोमीटर. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले.

तेवीस एप्रिलपर्यंत दोन्हीकडचा पाऊस जोडीनं चालत होता. चोवीसपासून विलोबँकचा पाऊस एक दिवस पुढे पळायला लागला. पोस्टात सव्वीस तारखेला सतरा मिलिमीटर. विलोबँकला तोच पाऊस पंचवीसला. पोस्टात अठ्ठावीसला सात, विलोबँकला सत्तावीसला. असं चार मेपर्यंत. पाच मेला दोघं पुन्हा बरोबर.

नऊ किलोमीटरला पाऊस चोवीस तास लावत नाही.

पंचवीस एप्रिल तिला पक्का आठवत होता. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची मिरवणूक दुपारी निघाली आणि भर रस्त्यात अशी सर आली, की बँडचे ढोल मऊ पडले. पाऊस पंचवीसलाच पडला होता. पण पावसाच्या वहीचा नियम वेगळा आहे. नऊला जे पाणी मोजाल ते मोजलेल्या दिवसाच्या पुढे लिहायचं, पडलेल्या दिवसाच्या नाही. इथल्या प्रत्येक घरात हे पोराला अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. यूना सात वर्षांची असल्यापासून शिकलेली. झोपेतसुद्धा तिच्या हातून ही चूक व्हायची नाही.

काल पडला म्हणून कालच्या तारखेपुढे, असं शहाण्यासारखं लिहिणारा माणूस बाहेरचाच हवा. आणि तो अकरा दिवस, रोज सकाळी नऊला, विलोबँकच्या अंगणात उभा होता.

५

गुरुवारी दुपारी थिओच्या कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरमागे मिल्कशेकचे पेले पुसत होता. चौऱ्याऐंशीचा झाला तरी केस मात्र सगळे शाबूत; त्याबद्दल टिलबरातले निम्मे पुरुष त्याच्यावर आतून चिडून आहेत. पेला त्याच्या हातात किणकिणत होता. दोन वर्षांपासून हात थरथरतो त्याचा.

"या, किरिया नोरीन." बाईमाणसाला तो अजून आपल्या गावाकडच्या शब्दानंच हाक मारतो. "कुठलं पान गेलं ते रेडिओवर सांगितलं नाहीस. सगळं गाव इथे येऊन मला विचारतंय. मी काय सांगू?"

"चोवीस एप्रिल ते चार मे, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर."

थिओनं पेला खाली ठेवला. किणकिण थांबली.

"सात कसा लिहितोस रे तू?" नोरीननं हळूच विचारलं.

तो दारावरची पाटी उलटी फिरवून आला आणि तिच्या समोर बसला.

"ती पहाटे पाचला उठायची," तो म्हणाला. "सहा वर्षांची असल्यापासून. आधी गाई, मग चूल, मग आईचं दुखणं, मग क्लॅरीची बायको गेली तेव्हा क्लॅरीचं घर. छत्तीस वर्षांची होईतो ती बाई एकदाही ऊन अंगावर घेऊन उठलेली नव्हती. क्लॅरी हॉस्पिटलात गेला. मी तिला म्हटलं, मी पाचला उठतो. मला पाव भाजायची सवय आहे. तू झोप."

"आणि ती झोपली."

"दहापर्यंत. कधी साडेदहा. अकरा दिवस. मी गाई बघायचो, कॉफी करायचो. ती अर्धवट झोपेत म्हणायची, थिओ, नळीतलं पाणी मोज आणि तारखेपुढे लिही. मी लिहायचो. काल पडला तर कालची तारीख. नाही का?"

"नाही."

"नाही?" त्याला खरोखर धक्का बसला. एवढ्या वर्षांत त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "म्हणजे मी चुकलो?"

"अकरा दिवस. लग्नाचं विचारलंस का तिला?"

"दहाव्या दिवशी. हो म्हणाली. मग क्लॅरी आला. टाके घातलेला, वजन उचलायचं नाही. ती म्हणाली, सहा महिने थांब. मग लोकर कापायची वेळ आली. मग दुष्काळ आला. मग..." त्यानं थरथरता हात टेबलावर पालथा ठेवला. "मग ती दर गुरुवारी इथे यायला लागली. त्या खिडकीशी बसते. अर्धा तास. मी म्हटलं, हेही पुष्कळ आहे. तिनं शब्द दिला होता की भावाची वही ती स्वतः लिहील. घराण्याचा हात. क्लॅरीला कळलं तर तो मोडून पडेल, असं तिला वाटतं. तिनं मला कुणाला सांगू दिलं नाही."

"पान तू कापलंस?"

थिओनं नुसता हात उचलून तिच्यासमोर धरला. त्या हातानं सरळ रेघ मारणं या जन्मी शक्य नव्हतं.

"मग यूनानं," तो पुटपुटला. "माझ्यामुळे."

नोरीननं मान हलवली. आदल्या दिवसापासून खटकणारी गोष्ट तिला आत्ता सापडली होती.

६

शुक्रवारी सकाळी क्लॅरी फाटकाशी पिकअपमध्ये बसून होता. नोरीन शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

"डेसनं विचारलं, कुठलं पान," ती म्हणाली. "यूनानं विचारलं, कुठल्या सालचं. थिओनं विचारलं. रेडिओवर मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. हजेरीत अर्धा मिलिमीटर चुकला तर दिवसभर मला फोन करणारा माणूस तू. तुझ्या शंभर वर्षांतलं पान गेलं आणि तू आईच्या रुमालाची चौकशी केलीस."

क्लॅरीनं समोरच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली.

"तुला विचारायची गरज नव्हती, क्लॅरी. आणि खालच्या पानाला ओरखडा येऊ नये एवढी काळजी चोर घेत नाही. मालक घेतो."

"चांगलं पातं होतं," तो शेवटी म्हणाला. "कलमं करायचं."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"घरी आलो तेव्हापासून. एप्रिलचा राहिलेला तक्ता उतरवायला वही उघडली. पाऊस पळालेला, साताला कंबरपट्टा." त्यानं नाक ओढलं. "मी काही आंधळा नव्हतो. हॉस्पिटलातून आलो तर घरात कॉफीचा वास. आमच्या घरात कॉफी कोण पितं?"

"आणि आकडे दुरुस्त न करता तसेच पाठवलेस."

"दुरुस्त केले असते तर यूनाला कळलं असतं की मला कळलंय. मी वाट पाहिली. ती सांगेल म्हटलं. जेवताना, मेंढ्या मोजताना. नाही सांगितलं. मला वाटलं, तिचं तिनंच मोडलं असेल. आपण कशाला उकरून काढायचं?"

"आणि आता?"

"आता शनिवारी ती पोरगी सगळी पानं फोटो काढून जगाला दाखवणार. डेसच्या बायकोला दुसऱ्याच मिनिटाला कॅफेच्या बिलावरचा सात ओळखू येईल. ब्याऐंशीव्या वर्षी माझ्या बहिणीनं गावाच्या तोंडी जायचं? माझ्या पाटीपायी?" त्यानं छातीवरचा खिसा चाचपला. "पाटी नको मला. तू फोन कर."

नोरीन उतरली. बाईंना फोन तिनं केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सगळं माहीत होतं आणि कुणालाही काही सांगता येत नव्हतं. ती दुपार तिला फार जड गेली.

७

शनिवारी वेटिंगरूम भरून लोक फलाटावर आले. डेस पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. थिओ मागच्या भिंतीशी, सँडविचच्या ट्रेमागे. इमोजेन प्रॅट पाटी घेऊन आल्या होत्या. कापडात गुंडाळलेली, बाळासारखी धरलेली.

"वह्या पूर्ण आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," क्लॅरी म्हणाला. "एक पान हरवलंय. तुम्ही लांबून आलात, चहा घ्या. पाटी परत न्या."

खोलीत चुळबूळ झाली. मग यूना उठली. तिच्या हातात लॅमिंग्टनची बशी होती. ती तिनं डेसच्या मांडीवर ठेवली, कारण तोच जवळ होता.

"हरवलेलं नाही," ती म्हणाली. "त्याच्या खिशात आहे. त्या खिशाला चार दिवस बटण लावलेलं आहे. पन्नास वर्षं त्याचे शर्ट मी धुते. ते बटण त्यानं कधी लावलेलं नाही. काढ, क्लॅरी."

"यूना, बस खाली."

"काढ म्हणते ना."

त्यानं बटण उघडलं. दोनदा घडी घातलेलं पान टेबलावर ठेवलं. यूनानं ते तळहातानं सरळ केलं आणि इमोजेनबाईंपुढे सरकवलं.

"यातले अकरा दिवस मी लिहिलेले नाहीत. मी झोपले होते," ती म्हणाली. "थिओ कालिगेरिसनं लिहिलेत. तो तिथे राहत होता. मला त्याची लाज वाटायला हवी होती, पण कधी वाटली नाही. लाज वाटली ती भावाला खोटं सांगितल्याची. तुमच्या पाटीवर लिहिलंय, एकाच घराण्याच्या हातून. तसं नाही ते."

डेसची बायको काहीतरी बोलणार होती. डेसनं तिच्या हातात एक लॅमिंग्टन दिला.

इमोजेनबाईंनी पान वाचलं, तक्ता वाचला. "एका दिवसाची चूक पेन्सिलीनं दुरुस्त होते," त्या हळू म्हणाल्या. "मापक रोज वाचला गेलाय, खंड नाही. अडचण फक्त पाटीवरच्या शब्दांची आहे. ते कोरून झालेत."

"मग बरोबर कोरलेत," क्लॅरी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याला ते आवडत नाही. तो पाटीकडे बघून बोलला.

"हॉस्पिटलातून आल्यावर मी ते सात माझ्या हातानं उतरवले. तेव्हाच म्हटलं, चला, घरात माणूस आला. मी त्याला घरचा धरूनच तक्ता पाठवलाय. बोलायचं यांनी होतं."

मागच्या भिंतीशी ट्रे जोरात किणकिणला.

"सेहेचाळीस वर्षं, क्लॅरी," यूना म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं..." तो म्हणाला. डोळे पुसायला त्यानं आईचा जाळीचा रुमाल ओढला, वह्यांसकट.

डेसनं वह्या सावरल्या. इमोजेनबाईंनी कोणाला न विचारता पाटीवरचं कापड काढलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला, ज्याला यातलं अक्षर कळलं नव्हतं, खुर्चीवर चढला आणि म्हणाला, घरच्या मंडळींनी पाटीजवळ उभं राहावं.

क्लॅरी राहिला. यूना त्याच्या शेजारी राहिली. मग क्लॅरीनं मान न वळवता दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा केली.

"ये रे बाबा लवकर," तो मागच्या भिंतीकडे म्हणाला. "फोटोवाला ताटकळलाय."